मत कोणाला, या प्रश्नाआधीचा प्रश्न : ते पद कोणत्या कामासाठी आहे?

केंद्राध्यक्षा (धागाकर्ती)

नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे. नोकरीच्या काळात ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या अनेक निवडणुकांत आधी मतदान अधिकारी आणि नंतर केंद्राध्यक्ष म्हणून काम केले. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन केंद्रावर मुक्काम करायचा, पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप, म्हणजे चाचणीचे, मतदान घ्यायचे, ती मते पुसून यंत्र शून्यावर आणल्याचे सर्वांना दाखवायचे आणि मग संध्याकाळपर्यंत एकेका मतदाराच्या डाव्या तर्जनीला शाई लागताना पाहायची, असा तो क्रम माझ्या अंगवळणी पडला होता.

महानगरपालिकेच्या निवडणुकीतला एक अनुभव मात्र मनातून जात नाही. मुंबई सोडली तर आपल्या महानगरपालिकांत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे असतात. तेथे मतदाराने अ, ब, क आणि ड अशा चार जागांसाठी चार वेळा बटण दाबायचे असते. अनेक मतदार एक बटण दाबून बाहेर यायला निघत आणि मतदान अपुरे असल्याने आम्हाला त्यांना परत बोलवावे लागे. तेव्हा ते थांबून विचारत, “मॅडम, बाकीच्या तिघांत कोणाला देऊ?” केंद्राध्यक्षाने या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसते आणि मी ते कधी दिले नाही. पण शिकलेसवरलेले, नोकरीधंदा सांभाळणारे, मुलासाठी शाळा निवडताना दहा ठिकाणी चौकशी करणारे लोक हा प्रश्न यंत्रासमोर उभे राहून विचारतात, याचे मला फार वाईट वाटत असे.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मुंबई आणि पुण्याच्या महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. जवळजवळ चार वर्षे या शहरांचे अंदाजपत्रक प्रशासकांनी मांडले आणि त्यांनीच मंजूर केले. त्या काळात पाण्याच्या तक्रारीसाठी कोणाचे दार वाजवायचे, हे अनेकांना उमगत नव्हते. मत दिल्याने काय मिळते असे विचारणाऱ्याने ती चार वर्षे आठवून पाहावीत. नगरसेवक चांगला असेल किंवा नसेल, परंतु त्याला पाच वर्षांनी पुन्हा आपल्या दारात यावे लागते आणि प्रशासकाला यावे लागत नाही.

एका मताने काय होते, याची उदाहरणे आपण सर्वांनी ऐकलेली आहेत. राजस्थानात नाथद्वारा येथे २००८ साली विधानसभेचा निकाल ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५ असा एका मताने लागला. मुंबईत २०१७ च्या महापालिका निवडणुकीत गिरगाव भागातील एका प्रभागात दोन उमेदवारांना समान मते पडली आणि शेवटी चिठ्ठी काढून निकाल लावावा लागला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी ठरला. तरीही माझा आग्रह या उदाहरणांवर उभा नाही, कारण बहुतेक जागांवर फरक हजारांचा असतो आणि “माझ्या एका मताने निकाल बदलला नसता” हे म्हणणे बहुतेक वेळा खरेच असते.

मला महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. लोकसभा आणि विधानसभेच्या मतमोजणीनंतर केंद्रनिहाय मतांचा तक्ता प्रसिद्ध होतो, नमुना २० या नावाने. कोणत्या केंद्रावर किती मते पडली, कोणाला पडली, हे त्यात दिसते आणि प्रत्येक पक्षाचा कार्यकर्ता तो तक्ता समोर ठेवून पुढची पाच वर्षे आखतो. ज्या सोसायट्यांच्या केंद्रावर हजारातील चारशेही लोक उतरत नाहीत, तेथील गटाराचे झाकण बदलायला कोणाला घाई असणार? मतदान न करणारी वस्ती त्या तक्त्यात रिकामी दिसते. कुलाब्यासारख्या संपन्न मतदारसंघात २०२४ च्या विधानसभेला निम्म्याहून कमी मतदारांनी मत दिले. त्यांच्या तक्रारी खोट्या आहेत असे मी म्हणत नाही, पण त्या तक्त्यात त्यांचा आवाज क्षीण आहे.

आता निवडीबद्दल. उमेदवार चांगला आहे की वाईट, असा मोघम प्रश्न आपण विचारतो आणि मग शिक्षण, जात, पक्ष, बोलण्याची ढब किंवा लग्नकार्याला आलेली हजेरी यांपैकी जे हाताशी असेल त्यावर निर्णय घेतो. मी इतक्या वर्षांत एका निष्कर्षावर आले आहे की, आधी ते पद कोणत्या कामासाठी आहे हे समजून घ्यावे आणि मग त्या कामाच्या मापाने माणूस जोखावा. खासदार कायदे करतो, केंद्र सरकारला प्रश्न विचारतो. आमदार राज्याचे कायदे आणि राज्याचा अर्थसंकल्प पाहतो, तारांकित प्रश्न (ज्यांचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते) आणि लक्षवेधी सूचना मांडतो. या दोघांकडे स्थानिक विकासनिधी असतो, पण निधीतून बांधलेला सभामंडप किंवा बसवलेली बाके हे त्यांचे मुख्य काम नव्हे. नगरसेवकाचे काम याहून वेगळे आहे. आयुक्तांनी मांडलेले अंदाजपत्रक स्थायी समितीत आणि मग सर्वसाधारण सभेत तपासणे, पाणी, मलनिस्सारण, कचरा, रस्ते, प्राथमिक शाळा आणि दवाखाने यांवर प्रशासनाला जाब विचारणे, शहराच्या विकास आराखड्यातील आरक्षणे राखणे. मैदानाचे किंवा शाळेचे आरक्षण उठवण्याचा प्रस्ताव सभेत येतो तेव्हा आपला नगरसेवक हात वर करतो की विरोध नोंदवतो, यावर पुढच्या पन्नास वर्षांचे शहर ठरते. त्या दिवशी तो सभागृहात होता का, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे?

म्हणून माझ्या दारात उमेदवार आले की मी दोनच गोष्टी विचारते. आपल्या प्रभागातील कोणते काम गेल्या अंदाजपत्रकात मंजूर होते आणि त्याचे पुढे काय झाले? आणि आपल्या भागात विकास आराखड्याने कोणत्या जागा कशासाठी राखून ठेवल्या आहेत? अचूक उत्तर मिळावे अशी अपेक्षा नसते. ज्याला उत्तर येत नाही पण जो दोन दिवसांनी माहिती घेऊन परत येतो, तो माझ्या मते उमेदवारीच्या कसोटीला बराचसा उतरलेला असतो.

निवडणूक झाली की असे धागे थंडावतात, म्हणूनच मी हा आता काढला आहे. निवडून आलेल्यांची पारख करण्याची पाच वर्षे आता सुरू झाली आहेत. आपले अनुभव आणि मतभेद अवश्य लिहा.

वकीलवाडा

ताई, धागा अत्यंत आवश्यक विषयावर आहे. मी प्रतिज्ञापत्राबद्दल थोडी भर घालतो, कारण त्याविषयी दोन टोकांचे गैरसमज आढळतात.

उमेदवाराने आपल्यावरील फौजदारी प्रकरणे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाहीर करावे, हा मतदाराचा माहितीचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मान्य केला. त्यानंतर संसदेने कायदा बदलून त्याला मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला आणि २००३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. आज लोकसभा आणि विधानसभेचा उमेदवार नमुना २६ मध्ये जे शपथपत्र देतो, त्यात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची स्थावर-जंगम मालमत्ता, कर्जे, सरकारी थकबाकी, गेल्या पाच वर्षांतील विवरणपत्रांतले उत्पन्न, उत्पन्नाची साधने आणि सरकारशी असलेली कंत्राटे, असे सगळे येते. हे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगही प्रतिज्ञापत्र मागतो.

पहिला गैरसमज असा की, गुन्हा नोंद असलेला प्रत्येक उमेदवार गुन्हेगार आहे. जमावबंदी मोडून मोर्चा काढल्याचा गुन्हा आणि खंडणीचा किंवा स्त्रीवरील अत्याचाराचा गुन्हा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाणीटंचाईसाठी रस्ता अडवणाऱ्या कार्यकर्त्यावर चार-पाच प्रकरणे असू शकतात. त्यामुळे प्रकरणांची संख्या मोजू नका, कलमे वाचा आणि न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत का, तो रकाना पाहा. दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. शिक्षा झालेली नाही म्हणजे सर्व ठीक, असे मानले जाते. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली तर अपात्रता येते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर ती तात्काळ लागू होते, हे खरे आहे, परंतु आपल्याकडे खटला संपायला इतकी वर्षे लागतात की तोवर तो माणूस तीन वेळा निवडून आलेला असतो. ही पोकळी कायद्याने भरलेली नाही, ती मतदारालाच भरावी लागते.

आणखी एक बाब. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना बंधन घातले की, फौजदारी प्रकरणे प्रलंबित असलेला उमेदवार निवडला तर निवडीपासून ४८ तासांत ती माहिती आणि निवडीची कारणे प्रसिद्ध करावीत, आणि केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण पुरेसे धरले जाणार नाही. ही कारणे वर्तमानपत्रात आणि पक्षाच्या संकेतस्थळावर छापली जातात. ती जरूर वाचावीत. अनेकदा एकाच मजकुरात फक्त नाव बदललेले दिसते, आणि त्यावरून पक्षाने आपल्या मतदाराला किती गांभीर्याने घेतले आहे, ते कळते.

तापीकाठ

शहरांबद्दल चांगली चर्चा चालू आहे. मी गावाकडची बाजू मांडतो.

गावात मत गुप्त असते, पण माणूस गुप्त नसतो. कोणाच्या पंगतीत कोण बसला, कोणाच्या गाडीतून कोण आला, यावरून मोजणीच्या आधीच हिशेब मांडला जातो. भावकी, पॅनेल, सोसायटीचे कर्ज आणि दूध डेअरी या सगळ्यांचे धागे मतात गुंतलेले असतात. शहरातील माणसाने मत दिले नाही तर त्याचे लगेच काही बिघडत नाही. गावातील माणसाने विरोधात मत दिल्याचा नुसता संशय आला तरी त्याच्या शेताकडे जाणारी वाट अडू शकते. विचार करून मत देण्यासाठी येथे वेगळ्या प्रकारचे धैर्य लागते, हे शहरातील मित्रांनी ध्यानात घ्यावे.

बिनविरोध निवडणुकीचे कौतुक होते तेव्हा मला नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी आठवतात. जानेवारी २०२१ मध्ये या दोन्ही ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण तेथे पदांचा जाहीर लिलाव झाला होता. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती आणि खोंडामळीची ४२ लाखांवर. बोलीचा पैसा मंदिरासाठी असल्याने त्यात वाईट काय, असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत. माझे त्यांना उत्तर एकच असते, की ज्याच्याकडे बोली लावण्याइतका पैसा नाही, त्या शेतमजुराचा उमेदवार होण्याचा हक्क त्या दिवशी विकला गेला.

बिनविरोध निवड नेहमीच वाईट, असेही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९८९ पासून पाणलोटाचे काम उभे केले आणि तेथे तीस वर्षे निवडणूक झाली नव्हती. २०२१ मध्ये तेथेही मतदान झाले आणि गावाने त्याच नेतृत्वाला पुन्हा निवडले. माझ्या दृष्टीने ती निवडणूक त्या कामाला कमीपणा आणणारी नव्हती. गावाने पसंती मतपेटीतून सांगितली, याने ते काम अधिक भक्कम झाले.

उंबरठ्याबाहेर

मी एका ग्रामपंचायतीची सदस्य होते, म्हणून लिहिते आहे. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमधील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. माझा वॉर्ड राखीव झाला तेव्हा घरात पहिला प्रश्न “अर्ज कोणाच्या नावाने भरायचा?” असा निघाला. मी निवडणूक लढवू इच्छिते का, हे कोणी विचारले नाही. निवडून आल्यावर पहिले सहा महिने बैठकीचे इतिवृत्त सहीसाठी घरी येत असे. ते न वाचता सही करणार नाही, असे मी सांगितले तेव्हा ग्रामपंचायतीत आणि घरातही बराच काळ ताण राहिला.

ताईंनी सांगितलेली कसोटी मला अगदी पटते, पण स्त्री उमेदवाराच्या बाबतीत मतदारांनी आणखी एक गोष्ट करावी. ती प्रचाराला दारात येते तेव्हा प्रश्न तिलाच विचारावेत आणि उत्तरही तिच्याकडूनच घ्यावे. शेजारी उभा असलेला पती, दीर किंवा मुलगा उत्तर देऊ लागला, तर त्याला नम्रपणे थांबवावे. माझ्या प्रचारात एका वृद्ध गृहस्थांनी असे केले होते. त्यांनी हातपंपाविषयी विचारले, माझे पती बोलू लागले आणि ते म्हणाले, “मत मी हिला देणार आहे, तेव्हा हिला बोलू द्या.” त्या एका वाक्याने मला किती बळ दिले, हे मी आज पंधरा वर्षांनीही विसरलेले नाही. “बाई नुसती सहीची आहे” असे म्हणून मतदार तिला गृहीत धरतात, आणि मग ती खरोखर तशीच राहते. फलकावर पतीचा फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठा असेल, तर त्याविषयीही विचारावे.

पहिलीच_शाई

मी जानेवारीत पहिल्यांदा मतदान केले. चार जागांपैकी दोन ठिकाणी मी “वरीलपैकी कोणीही नाही” हे बटण दाबले, कारण मला कोणीही योग्य वाटले नाही. घरी सगळ्यांनी मत वाया घालवले असे म्हटले. दुसरे असे की, आमदार-खासदारांना शेवटी पक्षादेशाप्रमाणेच मत द्यावे लागते, मग व्यक्ती पारखण्यात अर्थ काय? पक्ष पाहूनच मत का देऊ नये? हा प्रश्न मी मनापासून विचारतो आहे.

केंद्राध्यक्षा (धागाकर्ती)

तुम्ही केंद्रावर गेलात आणि चारही बटणे दाबलीत, यासाठी आधी तुमचे अभिनंदन. “वरीलपैकी कोणीही नाही” हा पर्याय २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे आला. लोकसभा आणि विधानसभेत त्याला सर्वांत जास्त मते पडली तरी उमेदवारांपैकी पहिला विजयी होतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात हा पर्याय दुसऱ्या क्रमांकावर होता आणि निकालावर त्याचा काही परिणाम झाला नाही. स्थानिक निवडणुकांचे मात्र वेगळे आहे. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला की, या पर्यायाला सर्वाधिक मते मिळाली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी. त्यामुळे तुमचे मत वाया गेले, असे मी म्हणणार नाही. मी फक्त एवढे विचारेन की, त्या दोन जागांवरील सर्व उमेदवारांची माहिती घेऊन तुम्ही नकार दिलात, की माहिती नव्हती म्हणून? पहिला नकार हा निर्णय आहे. दुसरा नकार आणि यंत्रासमोर उभे राहून “कोणाला देऊ” असे विचारणे यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

पक्षाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे सभागृहातील मत बहुधा पक्षाच्या आदेशाने ठरते, आणि स्थानिक संस्थांसाठीही आपल्या राज्यात १९८६ चा तसा कायदा आहे. म्हणून पक्षाची धोरणे आणि जाहीरनामा पाहणे योग्यच आहे. लोकसभेसाठी मी स्वतः पक्षाच्या धोरणाला अधिक वजन देते, विधानसभेसाठी दोन्हींना सारखे, आणि प्रभागासाठी माणसाला. कारण मतदानाचा आदेश पक्ष देतो, पण कोणता प्रश्न विचारायचा, कोणत्या बैठकीला वाचून जायचे, कोणत्या ठेकेदाराच्या देयकावर आक्षेप घ्यायचा, हे आदेशाने ठरत नाही. ते त्या माणसाच्या अभ्यासावर आणि सचोटीवर अवलंबून असते. नेत्यावरील भक्ती धर्मात मुक्तीचा मार्ग असू शकते, राजकारणात ती अधोगतीकडे नेते, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. पक्षनिष्ठेच्या बाबतीतही मला तोच इशारा लागू वाटतो.

दूरदेशी

मी आखातात नोकरी करतो. भारतीय पारपत्र असलेल्या आणि परदेशी नागरिकत्व न घेतलेल्या व्यक्तीला २०११ पासून मतदार म्हणून नाव नोंदवता येते, त्यासाठी नमुना ६अ आहे. पण मत द्यायला प्रत्यक्ष केंद्रावर यावे लागते. मला ते दरवेळी जमत नाही. मी एक केले. आमच्या वाडीच्या मतदारसंघातील आमदारकीच्या सर्व उमेदवारांची शपथपत्रे उतरवून घेतली, मालमत्ता आणि प्रकरणे साध्या मराठीत एका पानावर लिहिली, आणि स्वतःचे मत न जोडता कुटुंबाच्या गटावर पाठवली. सख्ख्या काकांनी फोन करून विचारले, “अरे, हे सगळ्यांना बघायला मिळतं?” ते चाळीस वर्षे मतदान करीत आहेत.

पहिलीच_शाई

ताई, तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर एका जागेसाठी मी माहिती घेतली होती आणि दुसऱ्या जागेसाठी घेतली नव्हती. काल त्या दुसऱ्या जागेवरून निवडून आलेल्या नगरसेविकांचे प्रतिज्ञापत्र वाचले. त्यांनी याआधी कोणतेही पद भूषवलेले नाही आणि त्यांच्यावर एकही प्रकरण नाही. मी त्यांच्या विरोधात नव्हतो, मला त्या कोण हेच ठाऊक नव्हते. आज त्यांच्या संपर्क कार्यालयात जाऊन आलो. आमच्या गल्लीच्या मागच्या मोकळ्या जागेवर विकास आराखड्यात काय आरक्षण आहे, असे विचारले. त्यांनाही माहीत नव्हते. वहीत नोंद करून घेतली आणि सोमवारी नगररचना विभागात विचारते, असे म्हणाल्या. प्रभाग समितीच्या बैठकांची इतिवृत्ते मिळावीत म्हणून मी माहिती अधिकाराचा अर्जही लिहून ठेवला आहे. सोमवारनंतर काय उत्तर मिळते, ते येथेच लिहीन.